ज्याचे पान त्याला

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयासाठी आम्ही तिघा मित्रांनी एक छोटेसे संकेतस्थळ तयार केले. आपल्या नावावर कोणती पुस्तके आहेत, ती कधी परत करायची, ग्रंथालयात नवीन काय आले, एवढेच त्यावर दिसे. कला शाखेच्या मुलांनी हा उद्योग कशाला करावा, असे काहींनी विचारलेही. त्यांना माझे उत्तर असे, की ज्याने व्याकरणाचा अभ्यास केला आहे त्याला संगणकाची भाषा फारशी परकी वाटू नये. दोन्हीकडे नियम थोडे आणि अपवाद फार!

पहिले तीन आठवडे सारे सुरळीत चालले. चौथ्या आठवड्यात एके दिवशी अकराच्या मधल्या सुट्टीत द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी मोबाइल हातात घेऊन ग्रंथालयातल्या आमच्या टेबलापाशी आली. “दादा, हे पान माझं नाहीये,” ती म्हणाली. पाहतो तो पानाच्या माथ्यावर माझ्याच वर्गातील एका मित्राचे नाव! खाली त्याच्या नावावरची पाच पुस्तके, आणि प्रत्येकापुढे ‘पुस्तकपेढी’ असा शेरा.

पुस्तकपेढी म्हणजे काय, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. ज्यांना क्रमिक पुस्तके विकत घेणे परवडत नाही त्यांना ती तेथून वर्षभरासाठी मिळतात. त्यात कमीपणा काहीच नाही. परंतु माझ्या मित्राने ही गोष्ट वर्गात कोणालाही सांगितली नव्हती, आणि आता आमच्या पानाने ती त्याला न विचारता सांगून टाकली होती.

त्याच तासाला आम्ही संकेतस्थळ बंद केले आणि ग्रंथपाल बाईंना सारे सांगितले. चूक दुसऱ्या कोणाची नव्हती, माझ्या हातची होती. अगदी नेमके सांगायचे तर एका ओळीची होती. ती ओळ चुकीची तरी होती का? दुसऱ्या एखाद्या जागी ती अगदी बरोबर ठरली असती. ही गोष्ट समजून घेताना मला जे कळले ते येथे मांडतो. पान सर्व्हरवर तयार करून पाठवणाऱ्या जावास्क्रिप्टच्या संकेतस्थळात ‘स्टोअर’ नावाचे कोठार कसे मांडावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय. नाव ऐकून घाबरू नये. ज्याने शेताचा सातबारा पाहिला आहे त्याला यातले निम्मे आधीच ठाऊक आहे.

शिधा की डबा?

आपण मोबाइलवर एखादे संकेतस्थळ उघडतो तेव्हा दूर कोठेतरी असलेल्या एका संगणकाला, म्हणजे सर्व्हरला, आपली मागणी जाते. त्यावर सर्व्हर दोन प्रकारे उत्तर देऊ शकतो.

पहिला प्रकार शिध्याचा. सर्व्हर जवळजवळ कोरे पान पाठवतो आणि सोबत जावास्क्रिप्टची मोठी फाइल देतो. म्हणजे तांदूळ, डाळ, मीठ आणि कृतीचा कागद. स्वयंपाक आपल्या मोबाइलवरच्या ब्राउझरने करायचा. मोबाइल चांगला आणि नेटवर्क जोरात असेल तर हे चालते. नसेल तर पांढऱ्या पडद्याकडे पाहत बसावे लागते.

दुसरा प्रकार डब्याचा. सर्व्हर स्वयंपाक तयार करूनच पाठवतो. पान आले की लगेच वाचता येते. मोबाइल जुना असला तरी बिघडत नाही. याला सर्व्हरवरचे रेंडरिंग म्हणतात. जावास्क्रिप्ट ही भाषा १९९५ साली ब्रेंडन आयक यांनी नेटस्केप कंपनीत केली ती ब्राउझरसाठी. २००९ साली रायन डाल यांनी ‘नोड’ पुढे आणले आणि तीच भाषा सर्व्हरवरही मोठ्या प्रमाणावर वापरात आली. तेव्हापासून एकच प्रोग्रॅम दोन्ही ठिकाणी चालवणे सोयीचे झाले. २०१३ साली सर्वांसाठी खुले झालेले ‘रिॲक्ट’ आणि २०१६ साली आलेले ‘नेक्स्ट’ यांच्या आधारे आज असंख्य संकेतस्थळे हा डब्याचा मार्ग वापरतात. आम्हीही वापरला, कारण आमच्या बहुतेक वाचकांचे मोबाइल साधेच होते.

परंतु डब्यातले पान आले तरी ते प्रथम निर्जीव असते. अक्षरे दिसतात, पण बटण दाबले तर काही होत नाही. मागाहून जावास्क्रिप्टची फाइल येते, ती पानावरचे प्रत्येक बटण आपल्या ताब्यात घेते आणि मग पान हलू-बोलू लागते. या क्रियेला ‘हायड्रेशन’ असे नाव आहे. वाळवलेल्या पदार्थावर पाणी घालून तो फुलवावा, तशी ही कल्पना. म्हणजे एकच पान दोनदा घडते: एकदा सर्व्हरवर आणि एकदा ब्राउझरमध्ये. पुढील सारा घोटाळा आणि त्याचा उलगडा या एका वाक्यात आहे.

सातबारा आणि फेरफार

आता कोठाराकडे वळू. पानावर ज्या ज्या बदलत्या गोष्टी असतात त्यांना मिळून ‘स्टेट’ म्हणजे अवस्था म्हणतात. कोण आत आले आहे, त्याच्या नावावर किती पुस्तके आहेत, त्याने कोणता विषय निवडला आहे, यादी उघडी आहे की मिटलेली, ही सारी अवस्था. पान लहान असते तेव्हा प्रत्येक भाग आपापली अवस्था सांभाळतो. पान मोठे झाले की माथ्यावरचा भाग म्हणतो ‘पाच पुस्तके’ आणि खालचा भाग म्हणतो ‘चार’. कोणाचे खरे मानावे?

यावर तोडगा म्हणून २०१५ साली डॅन अब्रामॉव्ह आणि अँड्र्यू क्लार्क यांनी ‘रिडक्स’ तयार केले. त्याची तत्त्वे तीन. सारी अवस्था एकाच ठिकाणी ठेवावी. ती कोणी परस्पर खोडू-लिहू नये. बदल करायचा तो ठरलेल्या नियमानेच व्हावा.

हे वाचले तेव्हा मला गावचा तलाठी आठवला. जमीन कोणाची, हे सातबाऱ्यावर लिहिलेले असते. पण जमीन विकली म्हणून कोणी सातबारा घेऊन त्यावर आपले नाव लिहीत नाही. आधी फेरफाराची नोंद होते, गाव नमुना सहामध्ये. संबंधितांना नोटीस जाते. मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो आणि मगच सातबाऱ्यावर बदल येतो. रिडक्समध्ये सातबाऱ्याच्या जागी अवस्था आहे. फेरफाराच्या नोंदीच्या जागी ‘ॲक्शन’ आहे: काय घडले, एवढेच सांगणारी चिठ्ठी, जसे ‘पुस्तक परत आले’. आणि कोणत्या चिठ्ठीने कोणता बदल व्हावा हे ठरवणाऱ्या नियमाला ‘रिड्यूसर’ म्हणतात. एक फरक मात्र आहे. सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस करतात. रिडक्समध्ये जुन्या पानाला हातही न लावता नवे पान लिहिले जाते. त्यामुळे कोणत्या चिठ्ठीने काय बदलले हे मागे जाऊन पाहता येते. हे सगळे दप्तर ज्या कपाटात असते तेच ‘स्टोअर’.

कपाट कसे लावायचे?

मूळच्या रिडक्समध्ये हे कपाट लावण्याची खटपट फार होती. २०१९ साली ‘रिडक्स टूलकिट’ची पहिली पक्की आवृत्ती आली आणि काम सोपे झाले. त्यात ‘कॉन्फिगर-स्टोअर’ नावाचे एक फंक्शन आहे. त्याला काही गोष्टी सांगाव्या लागतात.

पहिली गोष्ट रिड्यूसरांची यादी. एवढी एकच सक्तीची. आमच्याकडे वाचक, पुस्तके आणि शोध असे तीन खण होते. प्रत्येक खणाचा नियम वेगळा लिहिला की कपाट आपोआप त्यांची जुळणी करते.

दुसरी गोष्ट मधल्या पहारेकऱ्यांची, म्हणजे ‘मिडलवेअर’ची. चिठ्ठी रिड्यूसरपर्यंत जाण्याआधी ती यांच्या हातून जाते. टूलकिट काही पहारेकरी स्वतःहून नेमते. प्रोग्रॅम तयार करत असताना त्यांतले दोघे फार उपयोगी पडतात. कोणी जुने पान परस्पर खोडले तर एक ओरडतो. कागदावर उतरवता न येणारी वस्तू कोणी कपाटात ठेवली तर दुसरा ओरडतो. संकेतस्थळ लोकांसाठी सुरू झाले की वेग राखण्यासाठी हे दोघे रजेवर जातात. तेव्हा त्यांची कुरकुर वेळीच ऐकावी. आम्ही ती दोनदा कानाआड केली होती.

तिसरी गोष्ट ‘प्रीलोडेड स्टेट’, म्हणजे कपाट उघडतानाच त्यात काय असावे ती सुरुवातीची शिल्लक. केवळ ब्राउझरमध्ये चालणाऱ्या संकेतस्थळात ही बहुधा लागत नाही. सर्व्हरवर पान करायचे असेल तर हिच्यावाचून चालत नाही. याशिवाय तपासणीची साधने चालू ठेवावीत की बंद, हेही येथेच सांगता येते. लोकांसाठी सुरू केलेल्या संकेतस्थळात ती बंद असलेली बरी.

चुकीची ओळ

आता ती ओळ सांगतो. मी एका फाइलमध्ये ‘कॉन्फिगर-स्टोअर’ बोलावले, तयार झालेले कपाट एका नावात ठेवले आणि ज्याला लागेल त्याने ते येथून घ्यावे अशी सोय केली. शिकवणीच्या बहुतेक पाठांत असेच दाखवलेले असते. ब्राउझरमध्ये ते बरोबरही आहे. तुमच्या मोबाइलमधले कपाट तुमचेच. त्यात दुसरा कोणी हात घालत नाही.

पण आमची हीच फाइल सर्व्हरवरही वापरली जात होती. नोडचा स्वभाव असा, की तो फाइल एकदाच वाचतो. वाचून झाली की तिच्यात जे तयार झाले ते स्मरणात ठेवतो, आणि पुढे कोणीही मागितले तरी तेच देतो. सर्व्हर सकाळी सुरू झाला तेव्हा एक कपाट तयार झाले, आणि दिवसभर येणाऱ्या प्रत्येक वाचकासाठी तेच एक कपाट उघडले जाऊ लागले. पीएचपीसारख्या भाषेत नेहमीच्या पद्धतीने लिहिलेला प्रोग्रॅम प्रत्येक मागणीला नव्याने सुरू होतो आणि काम संपताच त्याची पाटी पुसली जाते. तेथे अशी चूक सहसा होत नाही. नोडची पाटी मात्र आपोआप पुसली जात नाही.

त्या दिवशी अकराच्या सुट्टीत काय झाले ते क्रमाने पाहू. आमचा सर्व्हर प्रत्येक मागणीला तीन कामे करी. आलेल्या वाचकाचे नाव आणि पुस्तके कपाटात लिहिणे, हे पहिले. नव्या पुस्तकांची यादी माहितीसाठ्यातून मागवणे, हे दुसरे. कपाटात जे आहे त्यावरून पान तयार करून पाठवणे, हे तिसरे. दुसऱ्या कामाला क्षणभर वेळ लागतो, आणि नोड तेवढा वेळ हात बांधून बसत नाही. तो तेवढ्यात पुढच्या माणसाचे काम हाती घेतो. हाच त्याचा गुण.

त्या विद्यार्थिनीची मागणी आली. कपाटात तिचे नाव लिहिले गेले. यादी मागवली. यादी येण्यापूर्वीच माझ्या मित्राची मागणी आली. त्याच कपाटात तिच्या नावावर त्याचे नाव आणि त्याची पुस्तके लिहिली गेली. मग तिची यादी आली. सर्व्हरने कपाट उघडले, त्यात जे दिसले त्याचे पान केले आणि ते तिला पाठवले. प्रत्येक पायरी आपापल्या जागी बरोबर होती. एकत्र येऊन मात्र अनर्थ झाला.

याहूनही वाईट एक वाट आम्हाला नंतर सापडली. एखादा माणूस नाव न नोंदवताच आला तर पहिले काम होतच नसे. मग कपाटात आधीच्या वाचकाचे जे उरले असेल तेच त्याच्या पानावर जाई. म्हणजे दोघांनी एकाच वेळी येण्याचीही गरज नव्हती.

तीन आठवडे हे कळले कसे नाही? कारण तपासणारे आम्हीच, तेही एकेकटे. घरी बसून मी माझेच नाव घालून माझेच पान शंभरदा पाहिले आणि ते शंभरदा बरोबर आले. शिवाय प्रोग्रॅम लिहीत असताना फाइल बदलली की सर्व्हर ती नव्याने वाचतो, त्यामुळे कपाट वरचेवर रिकामे होत असे. जी चूक दोन माणसांमध्येच घडू शकते ती एकट्याने कितीही पाहिले तरी दिसणार नाही.

दुरुस्ती

दुरुस्ती सोपी होती. तयार कपाट कोणाच्या हाती द्यायचे नाही. कपाट तयार करण्याची कृती द्यायची. म्हणजे ‘स्टोअर’ या वस्तूऐवजी ‘मेक-स्टोअर’ असे फंक्शन लिहायचे. ते बोलावले की दर वेळी नवे, कोरे कपाट मिळते. सर्व्हरने प्रत्येक मागणीला ते एकदा बोलवायचे, त्या कपाटावरून पान करायचे, आणि पान गेले की ते कपाट सोडून द्यायचे. ज्याचे कपाट त्याला.

ब्राउझरमध्ये नियम उलटा. तेथे कपाट एकदाच करायचे आणि शेवटपर्यंत तेच ठेवायचे. पान पुन्हा रंगवताना दर वेळी नवे कपाट केले तर वाचकाने टाइप केलेला शोधशब्द, निवडलेली पुस्तके, सारे नाहीसे होईल. आमच्या हातच्या सर्व्हरमध्ये ब्राउझरची सुरुवातीची फाइल वेगळी होती, म्हणून हे सहज जमले. ‘नेक्स्ट’ वापरणाऱ्यांकडे तोच घटक दोन्ही ठिकाणी चालतो. त्यांनी एक ‘प्रोव्हायडर’ घटक लिहावा आणि ‘यूज-रेफ’च्या साहाय्याने त्यात पाहावे: कपाट आहे का? नसेल तर करावे, असेल तर तेच पुढे द्यावे. हा घटक पानांच्या सामाईक चौकटीत ठेवला की एका पानावरून दुसऱ्यावर गेले तरी कपाट टिकते. सर्व्हरवर मात्र प्रत्येक मागणीसाठी त्याची नवी प्रत होते. सर्व्हरवरच राहणाऱ्या नव्या ‘सर्व्हर कंपोनंट’नी तर या कपाटाला हातच लावू नये. त्यांनी माहिती थेट आणावी आणि खाली द्यावी.

दोन कपाटांची गाठ

येथे एक प्रश्न उरतो. सर्व्हरचे कपाट सोडून दिले, ब्राउझरचे कोरे आहे. मग त्यात माहिती यायची कोठून? यासाठीच ती सुरुवातीची शिल्लक. सर्व्हर आपल्या कपाटातली अवस्था मजकुराच्या रूपात उतरवून पानासोबत पाठवतो, आणि ब्राउझर तीच शिल्लक घालून आपले कपाट उघडतो. हायड्रेशनच्या वेळी दोन्ही बाजूंचे पान तंतोतंत जुळावे लागते. न जुळल्यास रिॲक्ट तक्रार करते, आणि कधी कधी डब्यातले अन्न टाकून पुन्हा सारा स्वयंपाक करते. या गाठीत आम्ही चार ठिकाणी ठेचकाळलो.

पहिली ठेच तारखेची. आमचा सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर चाले आणि भारताची वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात सर्व्हरच्या लेखी कालचा दिवस असे आणि मोबाइलच्या लेखी आजचा. ‘परत करण्यास उरलेले दिवस’ सर्व्हर तीन सांगे, ब्राउझर दोन. उपाय असा, की ‘आज’ कोणती तारीख हे सर्व्हरने भारतीय वेळेप्रमाणे एकदाच ठरवावे, कपाटात घालावे, आणि ब्राउझरने पहिल्या खेपेला तेच वापरावे. यदृच्छेने काढलेल्या अंकांनाही हाच नियम. ब्राउझरच्या स्मरणात ठेवलेल्या आवडी, उदाहरणार्थ काळी पार्श्वभूमी, सर्व्हरला दिसतच नाहीत. त्या हायड्रेशन आटोपल्यावर वाचाव्यात.

दुसरी ठेच मजकुरात न उतरणाऱ्या वस्तूंची. जेसॉन या मजकूर-पद्धतीत तारखेची वस्तू घातली तर पलीकडे साधी अक्षरे निघतात. फंक्शन तर गळूनच पडते. एका बाजूला तारीख, दुसऱ्या बाजूला अक्षरे, मग जुळणार कसे? कपाटात साधे अंक, साधी अक्षरे आणि साध्या याद्याच ठेवाव्यात. पहारेकरी कुरकुरत होता तो याचसाठी.

तिसरी ठेच सुरक्षिततेची. ही अवस्था पानात स्क्रिप्टच्या खुणेच्या आत जाते. पुस्तकावरच्या अभिप्रायात कोणी खोडसाळपणे ती खूण बंद करणारी अक्षरे लिहिली, तर ब्राउझर समजतो की अवस्था संपली, आणि पुढचा मजकूर आज्ञा म्हणून चालवू शकतो. म्हणून पाठवण्यापूर्वी उघडणाऱ्या कोनकंसाचे प्रत्येक चिन्ह त्याच्या युनिकोड क्रमांकाच्या रूपात बदलून घ्यावे.

चौथी ठेच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कपाटातले सारे पानासोबत जाते, आणि पानाचा मूळ मजकूर कोणालाही उघडून पाहता येतो. पडद्यावर दाखवले नाही म्हणजे लपले, असे नाही. आम्ही वाचकाची सगळी नोंद जशीच्या तशी कपाटात ओतली होती: दूरध्वनी क्रमांक, फीमाफीची नोंद, सारे काही. पानाला त्यातले नाव आणि पुस्तके एवढेच हवे होते. आता आम्ही लागेल तेवढेच मोजून घालतो. ‘पुस्तकपेढी’ हा शेरा ग्रंथपाल बाईंना हवा, वाचकाला तो स्वतःबद्दल आधीच ठाऊक असतो. तेव्हा तो पानावरून काढून टाकला. तो सुरुवातीपासूनच नसता तर कपाटाच्या चुकीनंतरही माझ्या मित्राची गोष्ट त्याच्यापाशीच राहिली असती.

ही चूक आमचीच का?

आपण नवशिके म्हणून असे झाले, असे मला प्रथम वाटले. मग कळले की मोठमोठेही या वाटेवर घसरले आहेत. २०१५ सालच्या नाताळात ‘स्टीम’ या खेळांच्या प्रसिद्ध दुकानात काही ग्राहकांना दुसऱ्याच ग्राहकांची पाने दिसली. तेथे कपाट वेगळे होते. सर्व्हरवरचा ताण कमी करण्यासाठी तयार पाने साठवून ठेवतात, त्या ‘कॅश’ची मांडणी चुकली होती. सुमारे ३४,००० ग्राहकांच्या पानांना धोका पोहोचल्याचे कंपनीने नंतर सांगितले. मार्च २०२३ मध्ये ‘चॅट-जीपीटी’च्या काही वापरकर्त्यांना दुसऱ्यांच्या संभाषणांची शीर्षके दिसली. तेथे माहितीसाठ्याशी बोलणाऱ्या एका सामाईक जोडणीत दोष होता. तंत्र प्रत्येक ठिकाणी निराळे, मूळ एकच: जे एकाचे असायला हवे ते सर्वांचे करून ठेवले होते.

म्हणून केवळ स्टोअर सुधारून भागत नाही. वैयक्तिक माहिती असलेले तयार पान वाटेत कोठे साठवले जात नाही ना, हेही पाहावे लागते. आम्ही अशा पानांवर ‘साठवू नये’ अशी सूचना घातली. शिवाय एक चाचणी लिहिली. पन्नास खोट्या वाचकांच्या मागण्या एकदम सोडायच्या, यादी मुद्दाम उशिरा द्यायची, आणि प्रत्येक पानावर फक्त त्याचेच नाव आहे ना हे तपासायचे. जुन्या प्रोग्रॅमवर ही चाचणी चालवली तेव्हा पानेच्या पाने चुकीची निघाली. नव्यावर एकही नाही. ती चाचणी पहिल्या दिवशी लिहिली असती तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.

असो. आठवडाभर ग्रंथालयाचे काम जुन्या नोंदवहीवर चालले आणि मग संकेतस्थळ पुन्हा सुरू झाले. त्याआधी मी माझ्या मित्राकडे गेलो. काय झाले ते सांगितले, क्षमा मागितली. तो रागावला नाही. थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, “लपवण्यासारखं काही नव्हतं रे. पण कुणाला सांगायचं ते मी ठरवलं असतं.”

रिडक्सची तीन तत्त्वे पाठ झाली होती. त्यांच्या शेजारी मी हे वाक्य वहीत लिहून ठेवले आहे. यापुढे कोणतेही कपाट मांडताना ते पहिल्यांदा वाचतो, आणि मग विचारतो: हे कपाट कोणाचे, आणि यात हात घालणारा दुसरा कोणी आहे का? जे मित्र असे काही करू पाहत असतील त्यांनी हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावा.